सगळे काटे बरोबर

"घरच्या खिडक्या उघड्या टाकल्यात ना?" येगोर लुकिचनं विचारलं. हादऱ्यानं काचा फुटू नयेत म्हणून उड्डाणाच्या दिवशी साऱ्या वसाहतीला तसा हुकूम असे, फेब्रुवारीच्या कडाक्यातसुद्धा.

"टाकल्यात," ताइसिया म्हणाली. "परत जाईपर्यंत सूपचा बर्फ होणार."

जमिनीखालच्या नियंत्रण-भुयारातले सगळे हसले. लुकिच इथला प्रमुख. ताइसिया इंजिनांच्या दाबाचे काटे बघे. बाई उड्डाणाला नको, अपशकुन होतो, असं कुरकुरणारेही तिच्या शब्दावर डोळे मिटून विसंबत. वर कझाकांच्या माळावर चंद्राकडे जाणारं ते अजस्र रॉकेट पहिल्यांदाच उडणार होतं. रिकामंच. ते नीट उडालं, तर पुढच्यात तिचा नवरा रोदिओन बसणार होता.

"ताइसिया पावलोव्हना, त्याला चंद्रावरून एक धोंडा आणायला सांगा," कुणीतरी म्हणालं. "कोबीच्या लोणच्यावर दाब म्हणून ठेवायला!"

ती हसली. पण गेले कित्येक दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ही सगळी इंजिनं जमिनीवर एकत्र कधी पेटवूनच पाहिली नव्हती. घाईच तशी होती. रोदिओनला सांगून उपयोग नव्हता. चंद्राचं नाव काढलं की तो पोरासारखा हुरळायचा.

तेवढ्यात एक काटा थरथरला. जरासाच.

"थांबा" एवढंच म्हणायचं होतं. दुरुस्ती झाली असती, रॉकेट नीट उडालं असतं. आणि मग पुढच्यात रोदिओन.

"दाब?" लुकिचनं विचारलं.

"बरोबर. सगळे काटे बरोबर."

तिनं नोंदवहीतही तेच लिहिलं.

जमीन गदगदली. रॉकेट चढलं, मिनिटभर दिमाखात गेलं, मग शेपटीला आग लागली आणि ते दूर माळावर कोसळलं.

माणसं हमसून रडली. ताइसियाही रडली. इतक्यांच्या कष्टांची राख केल्याची तिला लाज वाटत होती, पण रोदिओन वाचला होता.

लुकिच फोनवर बराच वेळ बोलत होता. परतला तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा उजळला होता.

"टोकावरची, माणूस बसायची कुपी वेळेत सुटली, छत्रीनं अलगद उतरली! आत माणूस असता तर चालत घरी आला असता. आणि यंत्राच्या घडणीत खोट नाही, आग हा नुसता अपघात; तुमचे काटेच साक्षीला आहेत. मॉस्कोला मी तेच सांगितलं, ताइसिया पावलोव्हना. आता आणखी चाचण्या नाहीत. पुढच्यात रोदिओन बसतोय."