खारं पाणी

"गाडी खाऱ्या पाण्यात नव्हतीस ना घातली?" जीपच्या टपावर बॅग बांधता बांधता रियाजने विचारलं.

"नाही रे. वाळूवर फिरवली, बस," मयुरेश म्हणाला आणि दोरीचं दुसरं टोक ओढू लागला.

जीप देताना रियाजने एकच अट घातली होती. समुद्रात न्यायची नाही. गाडी जुनी, खालचे ब्रेकचे पाइप लोखंडी. खारं पाणी ते खाऊन टाकतं. मयुरेशने मान डोलावली होती. मग बायकोला, सईला घेऊन तो कोकणात गेला. अभयारण्यालगतच्या किनाऱ्यावर दोघांनी तंबू ठोकला. टायरमधली हवा कमी करून तो दोन दिवस वाळूत शहाण्यासारखा फिरला. तिसऱ्या दिवशी सईने मोबाइल धरला आणि हा पठ्ठ्या सरळ लाटांत घुसला. व्हिडिओ झकास आला. गाडी मात्र रुतली. भरतीचं पाणी तासभर तिच्या पोटाखाली आपटत राहिलं, तेव्हा कुठे गावातल्या ट्रॅक्टरने ती ओढून काढली.

परतताना घोटीच्या पुढे ब्रेकचं पेडल खाली खाली जाऊ लागलं. नाशिकला पोचल्यावर मयुरेशने गाडी फोमने धुऊन घेतली, आत सुगंधी डबी ठेवली आणि किल्ली परत केली. ब्रेकचं सांगायचं तर समुद्राचंही सांगावं लागलं असतं, म्हणून तो मूग गिळून बसला. दोन आठवडे झाले. रोज सकाळी उठून ठरवायचा, आज सांगू.

आज रियाज अम्मींना कल्याणला त्यांच्या बहिणीकडे नेत होता. म्हणजे कसारा घाट उतरायचा. मयुरेशची आई नोकरी करायची, त्यामुळे शाळेची दहा वर्षं तो दुपारचं जेवण रियाजकडे जेवला होता. अम्मींच्या हातचं.

"ट्रेनने का नाही जात? अम्मींना गाडीत दणके बसतील."

"का? गाडीला काय झालंय?" रियाजने हात थांबवले आणि त्याच्याकडे बघत राहिला.

चोराच्या मनात चांदणं. एका वाक्याचं तर काम होतं. रियाज चिडला असता, शिव्या घातल्या असत्या, कदाचित पुन्हा दारात उभं केलं नसतं. मयुरेशला स्वतःची लाज वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी निघाली.

"काही नाही. असंच म्हटलं."

अम्मी काठी टेकत बाहेर आल्या. जीपची पायरी उंच होती. मयुरेशनेच पुढे होऊन त्यांना हात दिला, पुढच्या सीटवर नीट बसवलं आणि दार लावलं. रियाज हळू चालवतो, घाटात काही होणार नाही, असं तो मनाशी घोकत होता. घोकताना त्याला आपलीच किळस आली.

इंजिन सुरू झालं. अम्मींनी काच खाली केली आणि त्याचा हात हातात घेतला. तो घामाने ओला होता.

"घाबरू नको बेटा. ब्रेकचे पाइप रियाजने गाडी आली त्याच दिवशी बदललेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो म्हणत होता, तू काही बोलणार नाहीस. मी म्हटलं, मयुरेश मला या गाडीत बसूच देणार नाही."