आजीचे पांढरे केस

"अजून पिवळेच आहेत केस," आजोबा म्हणाले. "थोडं निळ्याकडे ने."

नातीनं माउसनं रंगाची पट्टी आणखी डावीकडे ओढली. पडद्यावरची आजी आता फ्रिजमधून नुकतीच बाहेर काढल्यासारखी दिसत होती. ओठ जांभळे, गाल निळसर, मागची भिंत तर थेट शाळेच्या गणवेशाची. आजोबा मात्र नाक पडद्याला टेकेल इतके वाकून फक्त केस बघत होते.

फोटो सकाळी त्यांनीच काढला होता, मटार सोलत बसलेल्या आजीचा. कॅमेरा नातीचा, नवाकोरा. तिनं तो जेपेगवर लावून दिला होता, कारण फाइल इवलीशी होते आणि मैत्रिणींना लगेच पाठवता येते. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळंच्या सगळं तसंच ठेवायचं, नुसतं ओझं, एकेक फोटो हत्तीएवढा. पण जन्मभर स्टुडिओ चालवलेल्या माणसाला कोण शिकवणार! जेपेग करताना कॅमेरा स्वतःच रंग ठरवतो आणि उरलेलं फेकून देतो, हे तिच्याच तोंडून ऐकल्यावर त्यांनी कॅमेरा खाली ठेवला होता.

"तो कोण ठरवणार? त्याचं काय तुझ्या आजीशी लग्न झालंय?"

म्हणून रॉ. जेपेग असतं तर एवढ्या ओढाताणीत फोटोचे ठिपके ठिपके झाले असते. रॉ बिचारं निमूटपणे निळं होत चाललं होतं.

खरं काय ते नातीला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पांढरं पिवळट दाखवणारा मोतीबिंदू सांगून वर्ष होत आलं होतं, आणि ज्या डोळ्यांवर हे घर चाललं त्यांना कुणी हात लावायचा नाही, असं म्हणून आजोबांनी विषयच मिटवला होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते दोनदा तिच्या जिभेवर आलं आणि दोनदा तिनं गिळलं. लोक लग्नाच्या कपड्यांचे रंगसुद्धा ज्यांना विचारून घ्यायचे, त्यांना कसं सांगायचं, की तुमचा पांढरा चुकतोय?

तिनं पट्टी आणखी जराशी ओढली.

"आत्ता झाले पांढरे," आजोबा खुशीत म्हणाले. "याचा मोठा प्रिंट काढू. बाहेरच्या खोलीत लावायचा."

तेवढ्यात आजी चहा घेऊन आली. तिनं पडद्याकडे पाहिलं.

"ही कोण बाई? तिला कुणीतरी शाल द्या."

आजोबा हसले नाहीत. चेहरा राहू दे, केस बघ, असं त्यांनी तिला बजावलं. आजीनं कप खाली ठेवले, वाकून आपलं डोकं पडद्याच्या अगदी शेजारी आणलं आणि तशीच थांबली.

आजोबांनी पडद्यावरचे केस पाहिले. मग शेजारचे पाहिले. परत पडद्यावरचे.

"तुझे तर पिवळे आहेत," ते हळूच म्हणाले.

आपण दोन जेपेग करू या, असं नात घाईघाईनं म्हणाली, एक आजोबांना आवडतो तसा आणि एक... एक असाच. वाक्य मध्येच लंगडं पडलं. तिचा हात बटणाकडे गेला.

"थांब बारके. रॉच राहू दे." आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतो. रंग मग बघून ठरवीन."

त्यांच्या खांद्याचा आधार घेत आजीनं कंबर सरळ केली. हात मात्र तिथून काढला नाही.

"आणि तोवर मी पिवळीच का?"

आजोबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. बराच वेळ बघत राहिले.

"पिवळी कुठं," ते म्हणाले. "घरातसुद्धा उन्हात उभी असल्यासारखी दिसतेस."