ताटातलं नाव

"कांती म्हणजे तेज. मग फ्रेंचमध्ये लुसियाँ. आणि आमच्यात मेइर," एलिझाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही नावं कागदावर एकाखाली एक लिहिली.

जळगावच्या तेलगिरणीवाल्या रतनलालांच्या बैठकीत सगळं घर जमलं होतं. मुलगा कांतीलाल तेलाचं रसायनशास्त्र शिकायला मार्सेयला गेला होता आणि तिथल्या एका ज्यू घरातली राशेल पसंत करून आला होता. तिच्या वडिलांना एवढ्या लांब येणं जमणार नव्हतं. पत्रिका फ्रेंचमध्ये पाठवा आणि घरातल्यांची नावं मला उच्चारता येतील अशी करून द्या, असं त्यांनी लिहिलं होतं. एलिझाबाई नवगावकर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्या बेने इस्रायली, म्हणजे इथल्याच मराठी ज्यू, आणि पुण्याला कॉलेजात फ्रेंच शिकलेल्या. राशेल लग्नापर्यंत त्यांच्याकडेच उतरली होती.

कांतीलालची आई प्रेमकुंवर हिची झाली एमे, नाहीतर अहुवा. दोन्हींचा अर्थ लाडकी. ती पदराआड हसली. रतनलालांसाठी रत्नांची नावं शोधली, तर ती सगळी बायकांची निघाली. मी रतनलालच बरा, असं म्हणून त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

मग धापूबाईंची पाळी आली. या रतनलालांच्या थोरल्या बहीण. घरातली चौथी मुलगी. धापलो, पोट भरलं, आता मुली पुरेत, म्हणून बापानं नाव ठेवलं धापू. नवव्या वर्षी लग्न झालं आणि सासरचा उंबरा पाहण्याआधीच नवरा गेला. तेव्हापासून त्या याच घरात होत्या. घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. मंगलकार्यात मात्र त्या दाराशी, मागे उभ्या राहत.

रतनलालांनी अर्थ सांगितला तेव्हा एलिझाबाईंचं पेन थांबलं.

"मला कशाला कार्डावर घेता," धापूबाई म्हणाल्या. "पुढे चला. नवरीचं काय ते बघा."

खरी अडचण तीच होती. नवरी घरात आली की तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहायचं, हा रिवाज खानदेशात चार पिढ्या काढून या मारवाडी घरानंही उचलला होता. प्रेमकुंवरचं माहेरचं नाव मनभर. नव्या नावानं कुणी हाक मारली की तीन महिने आपण शेजारणीकडेच बघायचो, असं ती सांगे.

राशेल साडी नेसायला तयार होती. कांदा-लसूण सोडायला, दिवस मावळायच्या आत जेवायला तयार होती. नाव मात्र ती देणार नव्हती. ते तिच्या आजीचं होतं. आजी युद्धात गेली, तिचा फोटोही उरला नव्हता. नाव तेवढं राहिलं होतं.

कांतीलालनं हे सगळं आत्याला समजावून सांगितलं. धापूबाईंनी ऐकून घेतलं.

"या घरात ताट कोरं राहत नाही," त्या एवढंच म्हणाल्या. राशेलला त्या नावानं हाक मारीतच नसत. पाहुणी म्हणत.

पत्रिका धुळ्याच्या छापखान्यातून आल्या. फ्रेंच अक्षरांवरच्या रेघा तिथे नव्हत्या, म्हणून एलिझाबाई त्या एकेका पत्रिकेवर पेनानं काढत बसल्या होत्या. राशेल शिंप्याकडे गेली होती. भर दुपारी धापूबाई एकट्याच आल्या.

"बाई, एक नाव काढून द्या. जोडाक्षर नको. आणि अर्थ धड असावा."

"कसला अर्थ हवा, अक्का?"

धापूबाईंनी गठ्ठ्यातली वरची पत्रिका उचलली आणि परत ठेवली. "हवी होती म्हणून आलेली. असं काही असतं का तुमच्यात?"

"फ्रेंचमध्ये देझिरे. आमच्यात हेमदा."

पहिल्या नावाला जीभ अडखळली. दुसरं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि ते मोठ्या अक्षरांत लिहून मागितलं.

चिठ्ठी देताना एलिझाबाईंना राहवलं नाही. पोरीनं आपलं नाव सोडणार नाही म्हणून सांगितलंय, त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे," असं म्हणत धापूबाईंनी चिठ्ठी कनवटीला लावली.

त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. पुढचे आठ दिवस तांदूळ निवडायला बसल्या की त्यांचं बोट परातीत फिरत राही आणि कुणी आलं की तळहात सगळं पुसून टाकी. प्रेमकुंवरनं ते दोनदा पाहिलं आणि मुलाला सांगितलं. कांतीलालनं राशेलला शब्द दिला, ताटात दुसरं नाव निघालं तर मी ते सगळ्यांसमोर पुसीन.

लग्न झालं. राशेलनं माप ओलांडलं. देवघरापुढे ताट आलं ते लाल रुमालानं झाकलेलं. अंगठीसाठी कांतीलालनं हात पुढे केला.

"लिहून झालंय," धापूबाई म्हणाल्या. "तू फक्त रुमाल काढ."

त्या आज दाराशी नव्हत्या. ताटाजवळ बसल्या होत्या आणि त्यांच्या नखांत तांदळाचं पीठ होतं.

कांतीलालनं रुमाल ओढला. तीन अक्षरं, वाकडीतिकडी, शेवटचा काना ताटाच्या कडेला टेकलेला. एलिझाबाईंनी मान खाली घातली. राशेलला देवनागरी वाचता येत नव्हती, पण आपलं नाव कसं दिसतं ते कांतीलालनं तिला शिकवलं होतं. हे ते नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं ताटावर हात नेला. धापूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नकोस रे. राशेल राशेलच राहील," त्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. "हे माझं आहे. हाक मार बघू एकदा."