सवडीचं काम

तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यात कुणी विडी पेटवली तर मालक आण्णासाहेब त्याला तडकाफडकी कामावरून काढत. निजामाच्या अमलातल्या एका उन्हाळ्यात कारखान्याचं छप्पर जळालं आणि नव्या छपराच्या काळजीनं त्यांना मजूर बायांची दया आली. "उद्यापासून दारू घरी न्या, सवडीनं फटाके भरा. पोरंबी जवळ, चूलबी जवळ!" ते म्हणाले. त्या बायांतल्या कडूबाईच्या एकाच खोलीच्या घरात चुलीपासून दोन हातांवर तिची तान्ही लेक झोपायची. "मालक, आमाला कारखान्यातच बसू द्या," ती म्हणाली. "न्हाय जमत तर दुसऱ्या लई बाया हायेत," मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी कडूबाईनं दारूची पाटी उचलली आणि सरळ मालकांच्या घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून फटाके भरायला घेतले. आण्णासाहेब धोतर सावरत धावत आले. "अगं, आत चूल पेटलीय, दिसत न्हाय का?" "दिसती की," कडूबाई म्हणाली. "म्हंजी तुमालाबी दिसती तर!"