सर्वांत तगडा संघ

"नियम म्हणजे नियम." विनयने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. "रेटिंगची बेरीज झाली. सर्वांत तगडा संघ नरेंद्रचा."

नरेंद्रने चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यावरच्या आपल्या तगड्या संघाकडे पाहिलं. एकाचा खांदा निखळलेला, दुसऱ्याच्या पोटरीचा स्नायू फाटलेला, तिसरा अंगठ्याला प्लास्टर घालून घरी. चौथ्याने तर म्हणे शिंकताना पाठ आखडून घेतली होती. हा अख्खा संघ एका बसमध्ये घातला असता, तर लोकांनी अँब्युलन्स समजून गाड्या बाजूला घेतल्या असत्या. धडधाकट असा एकच, तो डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. मंडळी त्याला लाडाने डावऱ्या म्हणत.

पिस्कॅटवेतल्या विनयच्या बेसमेंटमध्ये निवृत्त इंजिनिअरांची ही फँटसी बेसबॉलची लीग भरे. खरे खेळाडू तिकडे मैदानावर घाम गाळत. इकडे ही मंडळी त्यांचे कागदी संघ बांधून चहावर जिंकत आणि हरत. आता इतके इंजिनिअर एका खोलीत बसल्यावर साधं काही राहणार कसं? त्यांनी सूत्र काढलं. हंगामाच्या मध्यावर खेळाडूंच्या रेटिंगची बेरीज करायची, आणि सर्वांत तगड्या संघाने सर्वांत कमकुवत संघाला एक खेळाडू द्यायचा. समोरचा मागेल तो. सूत्रात सगळं होतं. खेळाडू उभा आहे की आडवा, एवढंच घालायचं राहिलं होतं.

"रेटिंग मार्चमधलं आहे रे," नरेंद्र थकल्या आवाजात म्हणाला. "माझी निम्मी पोरं अंथरुणात आहेत."

"रेटिंग ऑब्जेक्टिव्ह असतं."

"कागदावर तूही चीफ इंजिनिअर आहेस. मघाशी जिना उतरताना कठडा कोणी धरला होता?"

विनयने गुडघा चोळणारा हात मागे घेतला. त्याची बायको प्रीता चहा ओतत होती, ती हसली. "द्या हो, भाऊजी. मुलालाच तर जाणार आहे."

तिथेच तर घोडं अडलं होतं. सर्वांत कमकुवत संघ नरेंद्रच्या मुलाचा, अनयचा होता, आणि अनय देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सांता क्लाराहून, फोनच्या स्पीकरवर सगळं ऐकत होता. दर रविवारी तो फोन करी. तब्येत आणि हवा दोन मिनिटांत आटपे, मग डावऱ्यासाठी घासाघीस सुरू होई. कधी दोन कॅचर देऊ करी, कधी तिघे. एकदा तर त्याने थँक्सगिव्हिंगला घरी येऊन कारल्याची भाजी खाण्याची तयारी दाखवली होती. नरेंद्र ऐकून घेई, थोडं ताणून धरी आणि नाही म्हणे. डावऱ्या संघात यायच्या आधी अनयचा फोन फक्त वाढदिवसाला येत असे.

"बोल अनय, कोण पाहिजे?" विनयने विचारलं.

"डावऱ्या, विनयकाका. ऑब्व्हियसली."

विनयने बटण दाबलं. नरेंद्रच्या पानावरून एक नाव गेलं. विनयने पुन्हा बेरीज केली आणि मित्राची समजूत काढावी तशा सुरात म्हणाला, "अजूनही दुसऱ्या नंबरवर आहेस बघ."

नरेंद्रला भांडायचं म्हटलं तरी आधी सरळ बसावं लागलं असतं.

"यू आर नॉट अँग्री, राइट, बाबा?"

"नाही रे."

"कूल. चल, ठेवतो मग."

मंडळी चिवड्याकडे वळली होती. नरेंद्रने फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कोपऱ्यात वॉशिंग मशीनपाशी गेला.

"ठेवू नकोस," तो हळूच म्हणाला. "डावऱ्या परत द्यायचं काय घेशील?"

"तुझ्याकडे द्यायला आहे काय, बाबा? एव्हरीवन इज इंजर्ड."

"तू माग तर खरं."

तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

नरेंद्रने मशीनवरचे धुतलेले टॉवेल एका बाजूला सारले आणि तिथेच टेकला.