सतरा फुलदाण्या

जपानातल्या बिझेन गावच्या भट्ट्यांतल्या सतरा मातीच्या फुलदाण्या तोकिजींनी तीस वर्षांत जमवल्या आणि लाकडी पेट्यांत बंद करून ठेवल्या. पाण्याने डाग पडतील म्हणून त्यांनी बायकोला, सुमिनोला, त्यांत कधी एक फूलही ठेवू दिलं नाही. ती गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले आणि त्यांनी जुन्या भांड्यांचे व्यापारी नांबा यांना बोलावलं.

"सगळ्या घेऊन जा. घरातल्या प्रत्येक वस्तूला तिचा हात लागलाय. यांनाच तेवढा नाही. मला नकोत."

नांबांनी पहिली पेटी उघडली, फुलदाणीवरून अंगठा फिरवला आणि ते हसले.

"काय हो, मला बनवता? ही माती पाणी पिऊन पिऊनच अशी तुकतुकीत होते. पेटीत पडून राहिली तर खरखरीतच राहते. वर्षानुवर्षं फुलं ठेवलीत तुम्ही हिच्यात."

"एकदाही नाही."

"मग फुलदाणीच खोटं बोलते म्हणायची!"

तोकिजींनी उरलेल्या सोळा पेट्या उघडल्या. प्रत्येक फुलदाणीवरून अंगठा फिरवला. सगळ्या तशाच तुकतुकीत. त्यांनी पेट्या आत नेऊन ठेवल्या आणि नांबांना चहा पाजून परत पाठवलं.

दर रविवारी ते नवी फुलदाणी शोधायला दिवसभरासाठी बाहेर पडायचे, तेव्हा सुमिनो न चुकता दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "सावकाश या हो. उगाच घाई करू नका."