झूराबाईंची सही

"मी सही करणार नाही," झूराबाई म्हणाल्या आणि कागद टेबलावरून परत सरकवला.

शाळेच्या सभागृहात भरदुपारी अख्खं गाव जमलं होतं. राजधानीहून आलेले कंपनीचे साहेब तासभर गोड गोड बोलले होते. गांजाच्या शेतीला परवाना मिळणार, त्याचं तेल निघणार, औषधं होणार. त्यासाठी फक्त एक कागद हवा होता: 'या गावातलं अठराच्या आतलं एकही मूल या पिकाला हात लावत नाही.' सरपंच एरमेकनं सही ठोकली होती. शाळेतर्फे नववीच्या वर्गशिक्षिका झूराबाईंची तेवढी राहिली होती.

"बाई, तुमचं बरंय, तुम्हाला पगार आहे," एरमेक म्हणाला. "आमच्या बटाट्याला कुत्रं विचारत नाही. गांजा मात्र न पेरता अंगणात शिरतो. इतकी वर्षं बंदी होती, काय मिळालं? पोलिसांची घरं दुमजली झाली, बस्स!"

लोक खो खो हसले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मी परवान्याच्या आड येत नाही," बाई म्हणाल्या. "माझी आई कॅन्सरनं तळमळून गेली. तेव्हा हे तेल कुणी आणून दिलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. मोठ्यांचं मोठे बघून घेतील. पण माझा कुबात कुठंय?"

कुबात नववीतलाच, बीजगणितात तालुक्यात पहिला आलेला. तेराव्या वर्षी चरस ओढायला लागला. आता शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात भिंतीशी बोलत बसतो. आई भेटायला गेली तर तिलाच विचारतो, तुम्ही कोण?

"सगळ्यांचं तसं होत नाही हो," साहेब हळूच म्हणाले.

"नाही होत. डॉक्टरही हेच म्हणाले. पण कुणाचं होईल ते आधी कळत नाही, हेही तेच म्हणाले. या वयातलं डोकं म्हणजे न भाजलेली वीट, साहेब. माझ्या उरलेल्या तेवीस पोरांतला पुढचा कोण, सांगता?"

"आम्ही काय त्याच्या तोंडात कोंबलं का?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. "आपल्या पायानं गेला तो!"

"आपल्या पायानं?" बाईंचा आवाज चढला. "झुडपं हातानं चोळून चरस काढायला त्याला रानात पाठवलं कुणी? पोरांना पोलीस आत टाकत नाहीत, म्हणून तुम्हीच पाठवता. दर सप्टेंबरात माझा वर्ग ओस पडतो. आज साहेबांना दिसावेत म्हणून सगळे वर्गात आलेत, एवढंच. लाज वाटू द्या जरा!"

खोटं कशाला बोलू, आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो.

"पुरावा आणा," एरमेक म्हणाला. "नाहीतर गुपचूप सही करा. नाहीतर पुढच्या वर्षी या शाळेत तुम्ही नसाल, सांगून ठेवतो."

"नसेन तर नसेन. पुरावा शेजारच्याच वर्गात बसलाय."

बाई ताडताड निघून गेल्या. एरमेकनं घाईघाईनं सादिरकुल आजोबांना खूण केली. आजोबा गावातले सर्वांत वडील. त्यांना भांडणतंटा सोसत नाही. "पुरे झालं रे," ते म्हणाले, "चांगल्या कामात विघ्न नको. दुआ मागू आणि घरी जाऊ." त्यांनी दोन्ही तळहात छातीपुढे उघडे धरले. झालं! आजोबांनी हात उघडले की गावानं उघडायचे आणि शेवटी 'ओमीन' म्हणून तोंडावरून फिरवायचे. एकदा ओमीन झालं की सभेचा निर्णय पक्का, मग चकार शब्द काढायची सोय नाही, बाईंनाही नाही. आम्ही हात उघडले. साहेबांनीही उघडले.

आजोबा "देवा, या गावाला बरकत..." एवढं म्हणाले आणि दार उघडलं. बाई नववीचा वर्ग घेऊन आल्या होत्या. पोरांना वाटलं, आपल्याला दुआसाठीच बोलावलंय. चालायला लागल्यापासूनची सवय ती. पोरं दारात ओळीनं थांबली, माना खाली घातल्या आणि सगळ्यांनी तळहात उघडले.

बाईंना एक शब्द बोलावा लागला नाही. तेवीस पोरांचे तळहात मनगटापर्यंत काळेहिरवे. झुडपाचा तो चीक साबणाला दाद देत नाही. दहा-दहा दिवस जात नाही. ओळीत माझी पुतणीही होती. तिला रानात मीच धाडलं होतं. मला धरणी दुभंगावी असं झालं.

आजोबांची नात बेगायिम सगळ्यांत पुढं होती. आजोबा तिच्या हातांकडे बघतच राहिले.

"काय गं हे, बाळ?"

पोर घाबरली. घरच्यांनी पढवलेलं तिनं घडाघडा म्हणून टाकलं, "अक्रोड सोलले, आजोबा."

"अक्रोड सोलले," मागची पोरंही एका सुरात म्हणाली.

अक्रोडाच्या हिरव्या सालीनंही हात असेच काळे होतात. पण अक्रोड पिकतो तिकडे दक्षिणेत, डोंगरांपलीकडे. आमच्या गावात अक्रोडाचं औषधालासुद्धा झाड नाही.

"अरे वा," साहेब खूश होऊन म्हणाले, "इथं अक्रोडही होतो?"

कुणी हसलं नाही. आजोबांचे हात ना खाली आले, ना तोंडाकडे गेले. ते थांबले म्हणून आम्ही सगळे तसेच, आपापले स्वच्छ हात पुढं धरून बसलो होतो.

झूराबाई पोरांच्या बाजूला उभ्या होत्या.

"म्हणा ना आता ओमीन," त्या म्हणाल्या. "अडलंय कुठं?"